जुना मॅसी १०३५ घेतलाय: इंजिनात, गिअरपेटीत, लिफ्टमध्ये कुठलं तेल?

माळरान_७८
मंडळी, १९७८ सालचा मॅसी फर्ग्युसन १०३५ घेतला आहे. दोन वर्षं शेडमध्ये उभा होता, त्याआधी ट्रॉलीवर चाललेला. सेल्फवर चालू होतो. काम हलकं आहे: डाळिंबाला ब्लोअर (औषध फवारायचा), अधूनमधून कल्टिव्हेटर आणि गावातल्या गावात ट्रॉली. भाग सांगोल्याकडचा, म्हणजे उन्हाळ्यात ४२ अंश आणि थंडीत पहाटे बऱ्यापैकी गार.

आत्तापर्यंत जे दिसलं ते सांगतो. इंजिनाच्या तेल मोजायच्या काडीवर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे, काळं आणि पातळ. मागच्या हौसिंगचं तेल दुधाच्या चहासारखं आहे. क्लच हौसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतात. लिफ्ट सकाळी घर्र करते आणि रेंगाळत उचलते, तासाभराने जरा बरी चालते. पाण्याच्या गेजचा काटा दिवसभर चाललं तरी वर येत नाही.

आता तेलाचं. दुकानदार २०डब्ल्यू-४० देतोय. मिस्त्री म्हणतो, जुन्या इंजिनाला साधं ४० नंबरच पाहिजे, मल्टिग्रेड (२०डब्ल्यू-४० सारखं दोन आकड्यांचं) टाकलं की गळायला लागेल. शेजारी म्हणतात १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं टाक आणि मोकळा हो. मागच्या पेटीसाठी तर ९०, १४०, हायड्रॉलिक असे तिघांचे तीन नंबर. शिवाय चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथे) पाच लिटर डिझेल ओतून इंजिन दहा मिनिटं चालवलं की आतली घाण निघते असंही सांगितलंय. हे करू का? आणि आजचं बीएस-६ डिझेल या जुन्या पंपाला चालतं का?

नोझल_टेस्टर
दादा, तेल विकत घ्यायच्या आधी ट्रॅक्टर बंद ठेवा. काडीवर तेल वाढतंय म्हणजे चेंबरमध्ये डिझेल नाहीतर पाणी उतरतंय. पाणी असतं तर तेल दुधाळ झालं असतं. तुमचं काळं आणि पातळ आहे, म्हणजे बहुधा डिझेलच. काडीवरचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर सोडा. मधे काळा डाग राहून भोवती फिकट, पसरट कडा आली आणि हुंगल्यावर वास आला तर शंका उरत नाही.

असं पातळ झालेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही, हा एक धोका. दुसरा धोका जास्त वाईट. लेव्हल फार वाढली की तेल रिंगांवरून किंवा ब्रिदरवाटे (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) वर चढतं आणि इंजिन तेच जाळत सुटतं. मग स्टॉप ओढूनही बंद होत नाही. तशी वेळ आलीच तर एअर क्लीनरच्या तोंडावर फळी दाबायची, हात नाही.

डिझेल उतरायच्या वाटा तीन. पहिली आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे इंजिनाच्या कडेला बसवलेला छोटा फीड पंप, ज्याला हाताने मारायची लिव्हर असते तो. आतला पडदा फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये. टाकी वर आणि पंप खाली असल्यामुळे इंजिन बंद असतानाही ते उतरत राहतं, त्यामुळे तपासणी सोपी आहे. तेल बदलून लेव्हल बरोबर खुणेवर आणा, टाकीची चावी रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी काडी बघा. इंजिन न चालवता लेव्हल वाढली तर दोष पडद्याचा. दोन नट काढून पंप हातात घ्या, बाहेर जाणाऱ्या तोंडावर बोट दाबून लिव्हर मारा. दाब धरला पाहिजे. लिव्हरच्या बाजूने डिझेल पाझरलं तर पंपाचा किट घाला किंवा पंपच नवा. फार खर्चाचं काम नाही.

दुसरी वाट म्हणजे मुख्य डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील. तुमच्या इंजिनावर आडवा, गोल, रोटरी पंप असेल तर त्याच्या पोटात डिझेल दाबाने भरलेलं असतं. पुढचं सील कडक झालं की ते टायमिंगच्या गिअरांत जातं आणि तिथून चेंबरमध्ये. ही गळती इंजिन चालू असतानाच होते. पंप काढून बेंचवर न्यायला लागेल. काढण्याआधी पंपाच्या फ्लॅन्जवर आणि इंजिनावर छिन्नीने एक सरळ खूण करा, नाहीतर टायमिंगचा घोळ होईल. पंप उभा, ओळीतला असेल आणि त्याला स्वतःचं तेल भरायचं बूच असेल तर आधी त्याची लेव्हल बघा. तिथेही डिझेल मिसळून लेव्हल वाढते. ते तेल काढून इंजिनाचंच नवं तेल खुणेपर्यंत भरायचं. या पंपातलं तेल वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

तिसरी वाट म्हणजे ठिबकणारा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो). एका सिलिंडरमध्ये न जळलेलं डिझेल भिंतीवरून खाली उतरतं. सकाळी पांढरा धूर, खडखड आणि एक सिलिंडर मागे पडल्यासारखं वाटतं. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. जो सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही तो सिलिंडर कामाचा नाही. डिझेल उडतं त्याच्यासमोर हात किंवा चेहरा आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं आणि हात वाचवायला ऑपरेशन करायची वेळ येते.

काटा वर येत नाही याचं कारण, गेज बिघडलेलं नसेल तर, जवळपास नेहमी एकच असतं: कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला आहे. "उन्हाळ्यात गरम होतो" म्हणून काढतात, आणि खरा दोष असतो रेडिएटरमध्ये साचलेल्या क्षाराचा. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, भिंती धुऊन निघतात, लायनर झिजतो, तेलात पाणी आणि काजळी साचून गाळ होतो. हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजखालचं तोंड उघडून बघा. नसेल तर ८२ अंशांच्या आसपास उघडणारा बसवा. घालण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा आणि डोळ्यांनी उघडताना बघा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको. कूलंट मिसळलेलं आरओचं किंवा पावसाचं पाणी भरा.

बीएस-६ डिझेलचं म्हणाल तर १ एप्रिल २०२० पासून देशभर तेच मिळतं, त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त नसतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणाचा गुणही कमी होतो, म्हणून कंपन्या त्यात वंगणासाठी वेगळं द्रव्य घालतात आणि त्याची चाचणी मानकात बसवलेली आहे. डिझेलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल ओतायची गरज नाही. मात्र दोन वर्षं उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीतलं जुनं डिझेल सगळं काढा. तळाला पाणी आणि शेवाळासारखा काळा चिकटा असतो, तो फिल्टरच काय, पंपही खातो.

गिअरपेटी
मागच्या तेलाचं मी सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

या ट्रॅक्टरच्या गिअरपेटी, क्राउन (मागची चाकं फिरवणारे गिअर) आणि लिफ्ट तिघांचं तेल एकच. हा हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीचा ट्रॅक्टर: लिफ्टचा पंप मागच्या हौसिंगच्या तेलातच बुडालेला असतो आणि गिअर ज्यात भिजतात तेच तेल ओढून दाब देतो. त्यामुळे तेल निवडताना दोन मालक सांभाळायचे आहेत. गिअरला जाड थर हवा, पंपाला पटकन वाहणारं तेल हवं. १४० टाकलं की गिअर खूश, पंप उपाशी. तुमची सकाळची घर्र ही बहुतेक पंपाच्या उपाशीपणाचीच आहे: तेल जाड, त्यात पाणी, आणि चाळणी गाळाने भरलेली. पंप ओढतो, तेल पुरेसं येत नाही, आत पोकळी होते आणि आवाज करते. असाच चालवत राहिलात तर पंपाचे पिस्टन आणि व्हॉल्व्ह खरवडतात.

नंबरांबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. गिअर ऑइलचं ९० आणि इंजिन ऑइलचं ४० हे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आकडे आहेत. १०० अंशांना ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. "९० म्हणजे दुप्पट जाड" असं नाही.

आता काय टाकायचं. माझी पसंती डब्यावर यूटीटीओ किंवा ट्रॅक्टर ट्रान्समिशन-हायड्रॉलिक ऑइल असं लिहिलेलं, जीएल-४ दर्जाचं तेल. ते याच कामासाठी केलेलं असतं: फेस धरत नाही, थोडं पाणी सोसतं, पितळेच्या बुशांना त्रास देत नाही. तुमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रमचे, कोरडे आहेत, त्यामुळे ओल्या ब्रेकसाठी घातलेल्या द्रव्यांचा फायदा नाही, पण तोटाही नाही. सील फार झिजली असतील आणि यूटीटीओ पातळ असल्याने मागच्या धुऱ्यातून ब्रेक ड्रममध्ये तेल उतरायला लागलं, तर ८०डब्ल्यू-९० जीएल-४ घ्या. लिफ्ट सकाळी पाच मिनिटं आळस करेल, तेवढं चालतं.

जीएल-५ घेऊ नका, दुकानदार "याच्यापेक्षा भारी" म्हणाला तरी. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं गरम झाल्यावर, विशेषतः पाणी असताना, पितळ आणि कांस्य खातात. ते तेल हायपॉइड, म्हणजे दात जोरात घासत फिरणाऱ्या, क्राउनसाठी आहे, या पेटीसाठी नाही.

पाण्याचा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर दहा हजारांचं तेल महिन्यात पुन्हा चहा होईल. पाणी बहुतेकदा वरून येतं: गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असतं आणि पावसात उभा ट्रॅक्टर किंवा वॉशिंग सेंटरचा फवारा तिथूनच आत पाणी सोडतो. रबर नवं घाला, वरच्या बुचाचं पॅकिंग बघा.

काढताना ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं. सकाळी बूच हळूच सैल केलंत तर आधी निव्वळ पाणी येईल. ते वेगळं धरा म्हणजे किती होतं ते कळेल. उरलेलं तेल दुधाळ असतं, ते आपोआप वेगळं होत नाही, म्हणून अर्धा तास चालवून गरम केल्यावर काढायचं. खाली एकच बूच नाही: गिअरपेटीखाली वेगळं, मागच्या हौसिंगखाली वेगळं. सगळी उघडा, एकाच्या भरवशावर अर्धं जुनं तेल आत राहतं. लिफ्टचे हात खाली सोडलेले पाहिजेत, नाहीतर सिलिंडरमधलं तेल आतच. मग उजव्या बाजूचं कव्हर काढा. हाताने आणि कापडाने तळाचा गाळ पुसून घ्या. सूत सोडणारं कापड किंवा सुती जाळी वापरू नका, एक धागा लिफ्टच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला की हात वर जाऊन खाली येत नाहीत. चाळणी डिझेलमध्ये धुवा. बुचावरची चिकट काळी पेस्ट नेहमीची आहे. चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर थांबा आणि आत बघा.

घाण फार असेल तर स्वस्त तेलाचा एक डबा भरून, बिनभाराचा तासभर चालवून, गरम असताना काढून टाका. निव्वळ डिझेलने धुऊन चालवू नका. भरायला एकूण तीस लिटरच्या वर तेल लागतं, २० लिटरच्या दोन बादल्या आणून ठेवा आणि शेवट काडीने ठरवा. भरून, हात दहा वेळा वरखाली करून, थांबवून पुन्हा काडी बघा.

टिपर ट्रॉली असेल तर हे विसरू नका: ट्रॉलीचा जॅक वर गेला की याच हौसिंगमधलं काही लिटर तेल त्यात जातं. लेव्हल कमी असली तर तिथेच पंप हवा ओढायला लागतो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली आणून जोडलीत तर त्याच्या पेटीतलं पाणी आणि कचरा तुमच्या पेटीत. गावातला चहा असाच एका हौसिंगमधून दुसऱ्यात पसरतो.

सोळाचा_पाना
इंजिन ऑइलचा निकाल लावू. ४०, २०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४०, तिघंही १०० अंशांना एकाच पट्ट्यात येतात: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप). गरम इंजिनात तिघांची जाडी सारखी. फरक पहाटे पडतो. साधं ४० थंडीत मधासारखं असतं, रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या मिनिटांतच होते. म्हणून १५डब्ल्यू-४०, डिझेल इंजिनाचं, डब्यावर एपीआय सीआय-४ किंवा निदान सीएफ-४ लिहिलेलं. कंपनी कुठलीही असो. कारचं, एसएन वगैरे लिहिलेलं पेट्रोलचं तेल नको. त्यात झिंक-फॉस्फरसची झीजरोधक द्रव्यं कमी ठेवलेली असतात आणि तुमच्या इंजिनात कॅमवर टॅपेट सपाट घासतात, त्यांना ती लागतात.

"मल्टिग्रेडने गळतं" यात अर्धं सत्य आहे. साध्या, जुन्या तेलावर चाललेल्या इंजिनात गाळाचेच पॅकिंग झालेले असतात. सीआय-४ मधलं डिटर्जंट तो गाळ सोडवतं आणि जिथे सील आधीच गेलेलं होतं तिथे थेंब दिसायला लागतो. गळती तेलाने केली नाही, उघडी पाडली. पण त्याचाच दुसरा परिणाम गंभीर आहे: सुटलेला गाळ तळाच्या चाळणीवर बसला तर तेलाचा दाबच पडतो.

डिझेल ओतून इंजिन चालवण्याचा सल्ला यासाठीच वाईट. एकतर बेअरिंगला थर मिळत नाही. शिवाय गाळ पातळ न होता पापुद्र्यांनी सुटतो आणि चाळणीत जातो. चेंबर खोलून हाताने साफ करणं उत्तम, पण या ट्रॅक्टरचा चेंबर पत्र्याचा नाही, बिडाचा, वजन पेलणारा आहे. तो खाली घ्यायचा म्हणजे ट्रॅक्टरला आधार देऊन पुढचा भाग सांभाळावा लागतो, तासाभराचं काम नव्हे. तेव्हा तेलानेच हळूहळू धुवायचं. आत्ता तेल आणि फिल्टर बदला, २० ते २५ तासांनी पुन्हा दोन्ही, मग ५० तासांनी. पुढे १५० ते २०० तासांनी, आणि तास भरोत न भरोत वर्षातून एकदा. पहिल्या दोन वेळा स्वस्तातलं सीएफ-४ चालेल. सात लिटरच्या आसपास लागेल. आधी सहा ओतून मग काडी बघत भरा.

फिल्टर भांड्यातला असेल तर झाकणाच्या खाचेतली जुनी रबरी रिंग सुईने उचकटून काढा. ती चिकटून तिथेच राहते आणि वर नवी बसते. दोन रिंगा म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत सगळं तेल जमिनीवर. बदलल्यावर स्टॉप ओढून सेल्फ मारा, दाबाचा काटा हलला की मगच चालू करा.

क्लच हौसिंगच्या भोकातला थेंब बोटावर घ्या. त्या भोकात एक फाटा-पिन लटकते, ती माती बसून बुजू नये म्हणून हलती ठेवायची. थेंब काळा, डिझेलच्या वासाचा असेल तर इंजिनाचं मागचं सील. पिवळट, चिकट, कुजक्या गंधकाचा वास असेल तर गिअरपेटीच्या शाफ्टचं. इंजिनाचं असेल तर लगेच ट्रॅक्टर तोडू (इंजिन आणि गिअरपेटी वेगळी करू) नका. या इंजिनाला मागे दोरीचं सील असतं, आणि ब्रिदर तुंबला की चेंबरमधला दाब तेल तिथून बाहेर ढकलतो. तुमच्याकडे तर लेव्हलही बोटभर जास्त आहे. ब्रिदर धुऊन, लेव्हल जागेवर आणून महिनाभर बघा. क्लच सरकत नसेल तर दोन-चार थेंबांसाठी क्लच काढणं परवडत नाही.

जुनं_लोखंड
पान्याशी बहुतांश सहमत, पण साध्या ४० ला एवढं नाव ठेवू नका. सांगोल्याच्या उन्हाळ्यात ज्याच्या रिंगा झिजल्यात, जो पाच-सात तास सलग चालतो, त्याला ४० नंबरचं डिटर्जंट डिझेल ऑइल काही वाईट नाही. मल्टिग्रेडमधलं जाडी टिकवणारं पॉलिमर झिजतं आणि डिझेल मिसळलं की आणखी लवकर पातळ होतं. मात्र डब्यावर एपीआयचा दर्जा लिहिलेला पाहिजे. सुटं, पिंपातलं ४० घेऊ नका.

सोळाचा_पाना
सलग चालणाऱ्याला मान्य. यांचं काम मात्र सकाळी ब्लोअर, मग दोन दिवस उभा, असं आहे. थंड चालू होणं जास्त, म्हणून १५डब्ल्यू.

माळरान_७८
दोन रविवार घालवले. फीड पंपाचा पडदाच फाटलेला होता. चावी चालू ठेवून रात्रभरात लेव्हल वाढली, लिव्हरच्या बाजूने डिझेल टपकत होतं. किट घातला. थर्मोस्टॅटच्या जागी काहीच नव्हतं, नवा बसवला. मागून आधी सुमारे दीड लिटर निव्वळ पाणी आलं, गिअरच्या दांड्याचं रबर चिरलेलं होतं. तळाला दोन ओंजळी काळा चिखल, बुचावर पेस्टच, तुकडे नाहीत. यूटीटीओ भरलं, लिफ्टची घर्र गेली.

आता दोन गोष्टी. फिल्टर बदलून डिझेलची हवा काढली तरी इंजिन दोन मिनिटांत बंद पडतंय, आणि फीड पंपाची लिव्हर मारली की सैल, काही दाबच लागत नाही. दुसरं, तेलाचा दाब थंडीत ४, गरम झाल्यावर चालत्या रेसला २.२, मंद रेसला ०.८ किलो. चिंता करायची का?

नोझल_टेस्टर
लिव्हर सैल लागते म्हणजे कॅमचा फुगवटा नेमका पंपाच्या हाताखाली आहे. इंजिन पुलीने थोडं फिरवा, अर्धा फेरा, आणि पुन्हा मारा. पूर्ण झोल मिळेल. हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे काढायची: आधी फिल्टरच्या वरचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत. मग डिझेल पंपावरचे स्क्रू. रोटरी पंप असेल तर दोन असतात, पंपाच्या डोक्यालगतचा आधी आणि गव्हर्नरच्या डब्यावरचा नंतर. शेवटी नोझलचे नट एक फेरा सैल ठेवून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. तरी दोन मिनिटांनी बंद पडत असेल तर हवा आत येतेय, आणि ती टाकी ते फीड पंप या ओढणाऱ्या बाजूनेच येते. तिथे डिझेल गळताना दिसत नाही, कारण ते बाहेर येत नाही, हवा आत जाते. डिझेल गाळणाऱ्या काचेच्या वाटीचं कॉर्कचं पॅकिंग आणि पाइपाच्या दोन्ही टोकांचे तांब्याचे वायसर नवे घाला. जुने वायसर पुन्हा वापरायचेच असतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतात.

सोळाचा_पाना
दाब ठीक आहे. गरम, चालत्या रेसला २ किलोच्या वर आहे तोवर चालवा. २ च्या खाली उतरला तर आधी दुसरा, खात्रीचा गेज लावून बघा. मगच बेअरिंगची चर्चा.

आता इंजिन गार असतानाच टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) बघून घ्या. तीन सिलिंडर, फायरिंग १-२-३. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलायला लागतात, एक बसतो आणि दुसरा उघडतो, त्या जागी आणा. तिथून पुली पूर्ण एक फेरा फिरवा. आता पहिला सिलिंडर दाबाच्या टोकाला आहे, त्याचे दोन्ही टॅपेट थंड इंजिनावर ०.३० मिलिमीटरला, म्हणजे बारा थाऊला (हजारांश इंचाला), लावा. मग दोन-तृतीयांश फेरा फिरवून दुसऱ्याचे, आणखी दोन-तृतीयांश फिरवून तिसऱ्याचे. गरम इंजिनावर लावायचे असतील तर ०.२५. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. चेकनट आवळल्यावर पुन्हा तपासा, आवळताना स्क्रू हमखास फिरतो.

गिअरपेटी
एअर क्लीनरची वाटी कोणी उघडली का? डाळिंबाच्या बागेत ब्लोअर चालवताना ती रोज बघायची. तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ बसला की तेल टाकून द्या, इंजिनाचंच नवं तेल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको, इंजिन ते ओढून जाळतं. काढलेलं काळं तेल तिथे वापरायची काटकसर करू नका. वरची तारेची जाळी वर्षातून एकदा डिझेलमध्ये बुडवून धुवा आणि क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज वाकवून बघा. बारीक चीर असेल तर वाटीत तेल कितीही चांगलं असो, धूळ थेट रिंगांवर जाते.

स्टिअरिंगच्या पेटीत ९० किंवा १४०, जे तुमच्याकडे उरलंय ते, तिथे १४० ला हरकत नाही. किंगपिन, पुढच्या धुऱ्याची मधली पिन आणि क्लच-ब्रेकच्या पायट्यांना रोज ग्रीस, जुनं काळं बाहेर पडेपर्यंत. लिथियमचं मल्टिपर्पज घ्या.

जुनं_लोखंड
आणि डायनॅमो जुनाच असेल तर त्याच्या मागच्या टोकाला बारीक भोक असतं, आतल्या बुशासाठी. २०० तासांनी इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, जास्त नाही, नाहीतर कार्बनवर जातं आणि चार्जिंग बंद. बॅटरी बदलताना आधीची कुठली तार बॉडीला होती ते बघून ठेवा. इतक्या जुन्या ट्रॅक्टरांत काहींची प्लस बॉडीला असते, आणि उलटी लावली की गेज आणि डायनॅमो दोन्ही जातात.

माळरान_७८
काचेच्या वाटीचं पॅकिंगच चपटं झालेलं होतं. बदललं, आज तासभर चालला, बंद पडला नाही. डायनॅमोचं भोक सापडलं, रंगाने बुजलेलं.